फाईल त्याच्यासमोर उघडा

प्रश्न: ताई, आम्ही 2012 मध्ये अमेरिकेत आलो तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता, आता सतरा पूर्ण झालाय. हे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, मी आणि मुलगा एच-4वर, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या व्हिसावर. धाकटी इथेच जन्मली, ती नागरिक. ग्रीनकार्डसाठी आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत उभं राहिल्याची तारीख, 2016ची आहे, मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाआधी नंबर लागेल असं वाटत नाही. त्याला यातलं काहीच माहीत नाही. उन्हाळ्यात मित्र आईस्क्रीमच्या दुकानात कामाला लागले, त्यालाही जायचं होतं. ह्यांनी 'अभ्यासावर लक्ष दे' म्हणून विषय उडवला. मी पण पाच वर्षं घरी बसून होते, आय-140 (कंपनीने ग्रीनकार्डसाठी भरलेला अर्ज) मंजूर झाल्यावर मला काम करता आलं. हे म्हणतात बारावी होऊ दे, मग बघू. माझं मन खातं. काय करू? – एक आई

उत्तर: सांगून टाका, आणि बारावीची वाट बघू नका. कॉलेजचे अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच भरायचे असतात आणि त्यात नागरिकत्वाचा रकाना असतो. शिवाय केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा फॉर्म वर्गातली मुलं भरत असताना आपल्याला ती मदत मिळतच नाही, हे त्याला शाळेच्या कौन्सेलरच्या तोंडून कळेल. ते तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

त्या आईस्क्रीमच्या दुकानाकडे मी पुन्हा पुन्हा येतेय. एच-4वरच्या मुलाला कामाची परवानगी नाही, हे त्याला एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याऐवजी त्याच्या हाती काय आलं? बाबांचा माझ्यावर विश्वास नाही, एवढंच. सतरा वर्षांचा मुलगा कायद्यावर चिडेल आणि चिडून मोकळा होईल. बापावरचा राग मात्र तो मनात धरून बसेल.

तुमच्या यजमानांना मी दोष देत नाही. आपणच आणलं आणि आपणच अडकवलं, ही टोचणी त्यांना असणार. पण ही रांग त्यांनी लावलेली नाही. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीनकार्डं, त्यात बायकामुलंही मोजली जातात, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना 7 टक्क्यांच्या वर नाहीत. भारतासारख्या देशालाही तेवढीच आणि चिमुकल्या देशालाही तेवढीच. हे 1990च्या कायद्याचं गणित आहे. एकविशी ओलांडली की मूल आईवडिलांच्या अर्जातून गळतं. 2002च्या कायद्याने थोडी सूट दिली: आय-140 जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वयातून वजा होतात. यात एक खोच आहे. ज्यांनी जादा पैसे भरून पंधरा दिवसांत मंजुरी घेतली, त्यांना वजा करायला पंधराच दिवस मिळतात! तुमचा आय-140 किती दिवस अडकला होता, ते आधी काढून बघा.

त्याच्यापुढचा नेहमीचा रस्ता म्हणजे एकवीस व्हायच्या आत एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसा. काही राज्यांत एच-4वरच्या मुलांना स्थानिक दराने फी बसते, तिथे एफ-1ची घाई केली तर ती सवलत हातची जाऊ शकते. शिवाय एफ-1 मागताना परत जायचा इरादा दाखवावा लागतो आणि तुमची फाईल तर कायमचं राहायचं म्हणते. हे इमिग्रेशनच्या वकिलाशी बसून ठरवा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको. अशा मुलांसाठी अमेरिकी काँग्रेसमध्ये विधेयकं आली, पण त्यातल्या एकाचाही अजून कायदा झालेला नाही. त्यावर बेत आखू नका.

आता सांगायचं कसं. तुमच्या पत्रात एक ओळ सहज येऊन गेलीय: 'मी पण पाच वर्षं घरी बसून होते, आय-140 मंजूर झाल्यावर मला काम करता आलं.' सुरुवात तिथूनच करा. हाताशी डिग्री असून घरात बसणं काय असतं, दुकानात 'काय करता?' विचारलं की पोटात कसं गोळा येतो, हे त्याला तुमच्याइतकं कोण सांगणार? बाबा आकडे सांगतील, त्यांना तेच जमेल.

धाकटीलाही तिथे बसवा. घरात दोन देशांचे पासपोर्ट आहेत, दोन्ही गडद निळे, फक्त वरचं सोनेरी चिन्ह वेगळं. नऊ वर्षांच्या मुलीला हे कधीच दिसलं असेल. दादाला तिच्यावर राग येईल अशी भीती वाटते ना? थोडा येईलही. येऊ द्या. तिने काही हिसकावून घेतलेलं नाही, हे त्याला कळायला दोन दिवस लागतील.

तो विचारेल, 'मग मला परत जावं लागेल का?' इथे 'छे, काही होत नाही' म्हणू नका. 'लागू नये म्हणून हे हे करतोय' म्हणा आणि कागद त्याच्या हातात द्या. वकिलाच्या पुढच्या भेटीला त्याला सोबत न्या, आणि आत गेल्यावर पहिला प्रश्न त्यालाच विचारू द्या.