पेन्सिलने काढलेल्या स्केचचे संगणकावर शाईचित्र करायचे आहे. त्यासाठी चांगला फिल्टर कोणता?

तुम्ही आखीव वहीच्या पानावर आजोळच्या वाड्याचे स्केच केले आहे, त्याचा मोबाइलवर फोटो घेतला आहे आणि तो शाईने रंगवल्यासारखा दिसावा म्हणून एखादा फिल्टर विचारला आहे. असे फिल्टर पुष्कळ आहेत आणि माझ्या मते त्यांतला एकही वापरू नये. हे मी इतक्या ठामपणे लिहितो आहे, कारण असाच एक फिल्टर माझ्या चित्रावर, मला न विचारता चालवला गेला होता आणि ते चित्र माझ्या नावासह छापूनही आले.

२०११ सालच्या उन्हाळ्यात एका दिवाळी अंकासाठी मेणवलीच्या घाटाचे चित्र माझ्याकडे आले होते. वाईजवळच्या या गावात, नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या काठी एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथून आलेली ही पोर्तुगीज घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. ती आकृती नीट दिसते ती सकाळच्या तिरप्या उन्हात, म्हणून मी लागोपाठ दोन सकाळी पायऱ्यांवर बसून ए-फोर आकाराच्या कार्ट्रिज कागदावर टूबी पेन्सिलने स्केच केले. घंटा काढायची म्हणजे आधी मधला उभा अक्ष, मग तोंडाची आणि खांद्याची लंबवर्तुळे, आणि वरच्या दगडी तुळईचा कोन चुकू नये म्हणून एक लांब तिरकी रेघ. या रेघा मी दाबून काढतो, कारण शाई वाळल्यावर त्या खोडायच्याच असतात. मेरीची आकृती मात्र कागद कोरा ठेवून, अगदी फिकट रेषांनी नुसती सुचवली होती. तिथे शाईचा टाक कसा फिरवायचा याचा निर्णय मी घरच्या टेबलावर घेणार होतो.

स्केचची मांडणी पसंत पडते का, एवढ्यापुरतेच ते स्कॅन करून मी संपादकांना पाठवले. अंकाची जुळणी माझ्या थोरल्या आतेभावाकडे होती. त्याचा डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचा, व्यवसाय आहे आणि हात विलक्षण वेगवान आहे. अंक छपाईला जायची वेळ जवळ आली होती, म्हणून त्याने माझ्या स्केचवर ट्रेसची, म्हणजे चित्राच्या रेषा आपोआप काळ्या आकारांत बदलण्याची, आज्ञा दिली आणि जे निघाले ते पानात बसवले. अंक हातात आला तेव्हा तुळईच्या कोनाची ती रेघ घंटेवरून आरपार गेलेली, विजेच्या तारेसारखी ठसठशीत काळी झाली होती. घंटेच्या पोटातली सावली मी बोटाने घासून आणली होती. तिचे तुकडे होऊन नकाशातल्या बेटांसारखे डाग पडले होते. आणि मेरी नव्हतीच. जिच्यासाठी मी दोन सकाळी बसलो ती फिकट म्हणून पुसली गेली आणि जी रेघ मी खोडणार होतो ती छापून आली. साताऱ्याच्या एका परिचितांनी तर घंटेला आता वीजजोडणी दिली आहे का, असे विचारले.

यंत्राचा यात दोष नाही. गडद-फिकटाची एक मर्यादा ठरवून तिच्या अलीकडचे सगळे काळे आणि पलीकडचे सगळे पांढरे, एवढेच त्याला समजते; कोणती रेघ आधाराची आणि कोणती चित्राची हे त्याला समजत नाही. शिवाय ट्रेस केलेली रेषा बहुतेक वेळा रेषा नसतेच, तो दोन्ही कडांनी वेढलेला काळा आकार असतो, त्यामुळे पेन्सिल जितकी फिसकटली असेल तितकी ती रेषा जाड होऊन बसते. शाईच्या रेषेला दाब असतो, सुरुवात असते, सुटताना निमुळते होणे असते. चित्रकार दीनानाथ दलालांची ब्रशची रेषा पाहिली तर हात कुठे दबला आणि कुठे उचलला ते छापील पानावरही कळते. पेन्सिलच्या स्केचमध्ये एका कडेसाठी चार-चार रेघा असतात, आणि त्यांतली एक निवडून बाकीच्या सोडणे यालाच शाई करणे म्हणतात.

तेव्हा मी करतो ते असे. मोबाइलचा फोटो शक्यतो नको, कडा वाकतात. झेरॉक्सच्या दुकानात स्केच ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या राखाडी छटांत, स्कॅन करून घ्यावे. ए-फोर पान मग ४९६० × ७०१६ पिक्सेलचे होते. संगणक दमला तर ३००वर यावे. क्रिटा हे चित्र काढायचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि या कामाला पुरून उरते. स्केचचा लेअर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा थर) वीस-पंचवीस टक्के इतकाच गडद ठेवून त्याला निळी छटा द्यावी. जुने चित्रकार आधाराच्या रेघा फिकट निळ्या पेन्सिलने काढत, कारण छापखान्याचा कॅमेरा तो निळा पकडत नसे; इथे उपयोग एवढाच की आपली काळी रेषा आणि खालचे स्केच डोळ्याला वेगळे दिसतात. वर नवा लेअर घेऊन, दाब ओळखणाऱ्या पेनने, सगळी रेषा पुन्हा काढावी. हात स्थिर करणारा स्टॅबिलायझर अगदी थोडा ठेवावा. जास्त ठेवला की वाड्याची भिंत प्लास्टिकची दिसते.

शाईच्या वॉशसाठी, म्हणजे पाणी घातलेल्या शाईच्या सपाट छटांसाठी, या दोहोंच्या मध्ये तिसरा लेअर, मल्टिप्लाय पद्धतीने, म्हणजे खालचे झाकून न टाकता त्यावर गडद होत जाणारा. वॉटरप्रूफ शाईची रेषा वाळल्यावर तिच्यावरून पाणी फिरवले तरी ती हलत नाही, तेच काम इथे दोन वेगळे लेअर करतात. राखाडीच्या तीनच छटा ठरवाव्यात आणि पांढरे कुठे सोडायचे ते आधी ठरवावे. वाड्याच्या चित्रात मी दरवाजाच्या आतला अंधार सर्वांत आधी भरीन, म्हणजे बाकीची प्रत्येक छटा त्याच्याशी ताडून पाहता येते. सगळे झाल्यावर खालचे निळे स्केच बंद करावे.

यावर आतेभावाचे म्हणणे त्याच दिवाळीपासून ठरलेले आहे: 'काळे-पांढरे झाले म्हणजे शाईच झाली, वाचकाला काय कळतेय?' घरातल्या प्रत्येक लग्नात पंगतीला हा विषय निघतो आणि मी संगणकाच्या विरोधात आहे असे तो चारचौघांत सांगतो. ते खरे नाही. गेली दहा वर्षे माझी सगळी शाई संगणकावरच होते. दौत कपाटात आहे. माझी हरकत यंत्राला नाही, कच्च्या कामाला पक्के म्हणण्याला आहे. आणि साताऱ्याच्या वाचकाला ते कळले होते, एवढे दादाने लक्षात घ्यावे.

आता न्यायाने हेही सांगायला हवे की त्या स्केचवर 'कच्चे' असे मी लिहिले नव्हते, आणि त्या दिवशी त्याचे दोन फोन मी उचलले नव्हते. अक्षरे, बोधचिन्हे, टी-शर्टवरची चित्रे, किंवा साइनपेनने एकेरी, स्वच्छ रेषेत काढलेले चित्र असेल तर ट्रेस उत्तम चालतो, आणि तिथे तोच माझ्यापेक्षा जास्त जाणतो.

तुमच्या आखीव पानाचे राहिले. असे पान ग्रेस्केलमध्ये नव्हे, रंगीत स्कॅन करून घ्यावे आणि गिम्प या चित्रे सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे लाल, हिरवा व निळा असे तीन चॅनेल, म्हणजे एकेका रंगाच्या प्रकाशाची राखाडी चित्रे, वेगळे करावेत. वहीच्या निळ्या रेघा निळ्या चॅनेलमध्ये जवळजवळ पांढऱ्या पडतात आणि पेन्सिलची राखाडी रेषा मात्र तशीच राहते, म्हणून तेवढा एकच चॅनेल ठेवावा. समासाची लाल रेघ त्यात उलट गडद होते. ती वाड्याच्या बाजूने जात असेल तर हाताने खोडावी, आणि वाड्यावरूनच जात असेल तर तसेच राहू द्यावे, कारण वरची रेषा तुम्हीच काढणार आहात.