पुढच्या रिसीव्हरवर विंच: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: डबल कॅब पिकअपच्या पुढच्या बाजूला चौकोनी रिसीव्हर (ज्यात दुसरा पाइप सरकवून पिनने अडकवतात तो पाइप) करून, हवं तेव्हा विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं विजेचं यंत्र) अडकवता आणि काढता यावं असा बेत आहे. आरसी बुकात भरलेलं वजन 2,700 किलो आहे. आमचा वेल्डर म्हणतो, दोन इंची पाइप आणा, चासीला टाके मारून देतो. चालेल का?

उत्तर: चासीला टाके नकोत. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेचं पोलाद बदलतं आणि पुढे टाक्याच्या कडेलाच तडा जातो. जोड बोल्टचाच हवा, तोही शक्यतो बंपर ब्रॅकेट आणि टो हूकच्या तयार भोकांतून.

विंच भरलेल्या वजनाच्या किमान दीडपट ताकदीचं घ्यावं. तुमच्या गाडीला 4,050 किलो, म्हणजे बाजारातलं 9,500 पौंडी (सुमारे 4,300 किलो) पुरेल.

रिसीव्हरला बाहेरून 63.5 मि.मी., जाडीला 6 मि.मी. (दोन सूत) आणि लांबीला 300 मि.मी. चौकोनी पाइप घ्या. त्यात 50.8 मि.मी.चा, तितकाच जाड पाइप सरकतो. आतल्या पाइपचं माप कॅलिपरने बघून घ्या. पूर्ण 50चा निघाला तर खेळ (ढिलेपणा) वाढतो आणि ओढताना खडखडाट होतो. मोठ्या पाइपच्या आत शिवणीची उभी धार असते, ती कानशीने साफ केल्याशिवाय आतला पाइप अर्ध्यातच अडकेल. पिनचं 16.5 मि.मी. भोक तोंडापासून 65 मि.मी. आत, वेल्डिंगच्या आधी आणि आतला पाइप घालून एकदमच पाडा. पिन 16 मि.मी.ची.

चासीच्या दोन्ही बाजूंना 8 मि.मी.च्या प्लेटा, त्यांच्यामध्ये 75 × 75 × 6 चा आडवा पाइप आणि त्याखाली रिसीव्हर. दोन्ही बाजूंना 6 मि.मी.च्या तिकोनी पट्ट्या द्या. प्रत्येक बाजूला एम12, 8.8 ग्रेडचे चार बोल्ट, 80 न्यूटन-मीटरला आवळलेले. चासीचा बीम डब्यासारखा बंद असेल तर बोल्टभोवती आत जाड पाइपचा बुश घाला. नाहीतर आवळताना पत्रा आत दबतो आणि बोल्ट पुन्हा पुन्हा ढिला होतो.

वेल्डिंगचा रॉड 7018, कोरडा. दमट रॉडने टाक्यात हायड्रोजन शिरतो आणि वरून सुबक दिसणारा टाका आतून तडकतो. रिसीव्हरभोवती एका दमात वेल्डिंग केलं तर पाइप आवळून आतला पाइप घट्ट बसेल. म्हणून 40-50 मि.मी.चे तुकडे आलटून पालटून, मध्ये थंड होऊ देत.

विंचची प्लेट 6 मि.मी.ची. बहुतेक 9,500 पौंडी विंचचे बोल्ट 254 × 114.3 मि.मी. अंतरावर असतात, तरी हातातलं विंच मोजूनच भोकं पाडा. आतला पाइप प्लेटच्या कडेला चिकटवायचा नाही, प्लेटखालून पूर्ण खोलीभर न्यायचा.

आता खरी मेख. सरळ ओढीला हे सगळं दणकट आहे, तिरक्या ओढीला नाही. दोर रिसीव्हरच्या तोंडापासून 250 मि.मी. पुढे सुटतो असं धरा. 4,300 किलोची पूर्ण ओढ 30 अंश तिरकी पडली तर निम्मं बळ, 2,150 किलो, पाइपला आडवं वाकवतं. रिसीव्हरच्या तोंडापाशी आतल्या पाइपमधला ताण सुमारे 365 मेगापास्कल भरतो आणि साधं माइल्ड स्टील 250च्या आसपास वाकायला लागतं. ओढ 10 अंशांत असेल तर ताण 127च्या घरात, म्हणजे जेमतेम निम्म्यावर. म्हणून तोंडापासून विंचचं अंतर जितकं कमी करता येईल तितकं करा आणि गाडी दोराच्या रेषेत आणूनच ओढा. वर किंवा खाली तिरकी ओढ असली तरी हिशेब तोच.

प्रश्न: पुली लावून दोर दुहेरी केला की रिसीव्हरवरचा भारही निम्मा होतो ना?

उत्तर: दोराचं टोक कुठे अडकवता त्यावर आहे. चासीच्या वेगळ्या टो हूकमध्ये अडकवलंत तर होतो. विंचच्या प्लेटलाच अडकवलंत तर दोन्ही दोरांची ओढ त्या एका पिनवर येते आणि विंच अडेपर्यंत ताणलं तर ती 8,600 किलोपर्यंत जाऊ शकते. झाडाला पट्टाच गुंडाळा. दोरावर जड चटई किंवा भिजलेलं गोणपाट टाका आणि ओढताना दोराच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.

प्रश्न: बॅटरीपासून विंचपर्यंतची वायर किती जाडीची?

उत्तर: पूर्ण भाराला विंच साधारण 400 अँपिअर खेचतं. जाऊन-येऊन चार मीटर तांब्याच्या वायरवर 16 चौ.मि.मी.ला पावणेदोन व्होल्ट गळतात, 50ला अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर. 12 व्होल्टमध्ये हा फरक मोठा आहे, तेव्हा 50च घ्या. बॅटरीपाशी मेन स्विच हवा, इंजिन चालू हवं आणि सलग मिनिटभराहून जास्त भार नको.

प्रश्न: आरटीओ अडवेल का?

उत्तर: केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुलबार (बंपरपुढचे लोखंडी गार्ड) लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं होतं. आधार मोटार वाहन कायद्याचं कलम 52, म्हणजे गाडीत परस्पर बदल करण्यावरची बंदी. रस्त्यावर विंच आणि त्याची प्लेट काढून मागे ठेवा, आणि बोल्टने कायम बसणाऱ्या भागाबद्दल काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा. गाडीला एअरबॅग असतील तर पुढचे सेन्सर आणि बंपरमागचा चुरगळणारा भाग या जोडणीने झाकला किंवा अडवला जात नाही ना, हे पत्रा कापायच्या आधी बघा.