आपल्यापेक्षा वेगळ्या माणसांचं समुपदेशन मला जमेल का?

प्रश्न : मी मानसशास्त्र घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. समुपदेशक व्हायचं हे नक्की. पण माझं आतापर्यंतचं आयुष्य एकाच भाषेत, एकाच धर्माच्या आणि साधारण सारख्याच परिस्थितीतल्या लोकांत गेलं. वर्गात सांस्कृतिक संवेदनशीलतेचा भाग शिकवला तेव्हा धडकीच भरली. ज्यांचं जगणं मला माहीत नाही, त्यांना मी काय सल्ला देणार? या विषयाचा तीन महिन्यांचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, तो आधी करून घेऊ का? आई-बाबांना वाटतं, हे सगळं सोडून मी मनुष्यबळ व्यवस्थापनाकडे वळावं.

उत्तर : प्रमाणपत्राची घाई करू नकोस. त्या पैशांत आणि वेळात करण्यासारखं बरंच आहे, ते पुढे सांगतो. आणि 'सल्ला देणार' हे डोक्यातून काढून टाक. या कामात सल्ला थोडा असतो, ऐकणं आणि विचारणं फार.

तुझी भीती मात्र बिनबुडाची नाही. १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ स्टॅनली सू यांनी अमेरिकेत सिॲटल परिसरातल्या मानसिक आरोग्य केंद्रांच्या नोंदी तपासल्या. वांशिक अल्पसंख्याकांपैकी सुमारे निम्मे लोक पहिल्या भेटीनंतर फिरकलेच नाहीत. गोऱ्या लोकांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे दारापर्यंत आलेली माणसं परत जात होती. यावर पुढे पुष्कळ काम झालं. १९९२ मध्ये डेरल्ड विंग सू, पॅट्रिशिया अरेडोंडो आणि रॉडरिक मॅकडेव्हिस या अभ्यासकांनी समुपदेशकाकडे काय काय हवं, अशा ३१ क्षमता मांडल्या. स्वतःच्या धारणांची जाणीव, समोरच्याच्या जगाची समज आणि त्याला साजेशी कौशल्यं, असे त्याचे तीन भाग. विद्यार्थी नेमके मधल्या भागाला चिकटतात, कारण तो पाठ करता येतो. अमुक समाजातले लोक नजरेला नजर देत नाहीत, तमुक समाजात वडिलांचा शब्द अंतिम. अशा यादीने परीक्षेत गुण मिळतात आणि समुपदेशनाच्या खोलीत घात होतो. समोर बसलेली मुलगी त्या समाजाची असेलही, पण ती कदाचित वडिलांशी भांडूनच तुझ्याकडे आलेली असेल.

१९९८ मध्ये मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी 'सांस्कृतिक नम्रता' ही कल्पना मांडली ती यासाठीच. दुसऱ्याची संस्कृती शिकून संपत नाही, स्वतःला तपासणंही संपत नाही, आणि खोलीत सत्ता तुझ्याकडे जास्त आहे याचं भान ठेवावं लागतं. मला ही भूमिका जास्त पटते. नवख्या माणसाला ती झेपणारी आहे, कारण तिथे सर्वज्ञ असण्याची अटच नाही.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? समज, एक गृहस्थ येतात. डोकं दुखतं, झोप नाही, अंगात त्राण नाही. 'उदास वाटतं का?' म्हटलं तर नाही म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८० च्या सुमारास चीनच्या हुनान प्रांतात 'न्यूरास्थेनिया' म्हणजे मज्जादौर्बल्याचं निदान झालेले १०० रुग्ण तपासले. त्यातले ८७ जण नैराश्याच्या निकषांत बसत होते, पण बहुतेकांची मुख्य तक्रार शरीराचीच होती. इथे 'तुमचा खरा आजार डोकेदुखी नाही' असं तू पहिल्याच भेटीत सुनावलंस, तर गृहस्थ पुन्हा येणार नाहीत. डोकेदुखीपासूनच सुरुवात कर. ती कधी वाढते, तेव्हा घरात काय चाललेलं असतं, हे विचारत गेलीस की बाकीचं आपसूक येतं. मात्र 'त्यांच्यात भावना बोलत नाहीत' असा शिक्काही मारू नकोस. नीट विचारलं तर माणसं बोलतात.

कसं विचारायचं याची तयार शिदोरीही आहे. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत (२०१३) १६ प्रश्नांची एक सांस्कृतिक मुलाखत दिली आहे आणि ती इंटरनेटवर मोफत मिळते. आपला त्रास तुम्ही घरच्यांना कसा सांगाल, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, आजवर कुठेकुठे मदत मागितली, मदत घेताना काय आड आलं, असं त्यात विचारतात. शेवटचा प्रश्न तर आपल्या दोघांच्या पार्श्वभूमी वेगळ्या असल्याने गैरसमज होईल अशी काळजी वाटते का, असा आहे. तो मोठ्याने विचारायला धीर लागतो. मैत्रिणीला समोर बसवून सराव कर. प्रमाणपत्रापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

दुभाष्याबरोबर काम करणं हेही वेगळं कौशल्य आहे आणि अनेक अभ्यासक्रम ते शिकवतच नाहीत. बोलायचं ते अशिलाकडे, म्हणजे मदत घ्यायला आलेल्या माणसाकडे बघून, छोट्या वाक्यांत. घरातल्या मुलाला दुभाषा करायचं नाही, कारण आईची मारहाणीची हकिगत लेकराच्या तोंडून वदवून घेणं हा अत्याचारच आहे. भाषिक समाज लहान असेल तर दुभाषा अशिलाच्या ओळखीचा निघू शकतो, हेही आधी विचारून घ्यायचं.

मारहाणीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 'त्यांच्याकडे असंच चालतं' म्हणून हिंसेकडे डोळेझाक करणं म्हणजे संवेदनशीलता नव्हे. जिवाला धोका असेल तिथे नियम सगळ्यांना एकच.

तू ज्याची चिंता केली नाहीस असाही एक धोका आहे. तो तुझ्यासारख्याच घरातून आलेल्या अशिलाचा. तिथे 'कळलं मला' असं चटकन वाटतं आणि विचारायचंच राहून जातं. आजवर एकाच वर्तुळात राहिलेल्या तुला हे जास्त सांभाळावं लागेल.

आता वाट. या व्यवसायासाठी पदव्युत्तर शिक्षण बऱ्याच ठिकाणी लागतं. नोंदणीचे किंवा परवान्याचे नियम देशागणिक बदलतात, तेव्हा जिथे काम करायचं तिथले नियम प्रवेशाआधीच वाच. इस्पितळं, शाळा, परदेशी विद्यार्थी असलेली विद्यापीठं, निर्वासितांसाठीच्या संस्था, कंपन्यांचे कर्मचारी-साहाय्य विभाग अशा ठिकाणी काम मिळतं. सुरुवातीची काही वर्षं मिळकत बेताची असते, हे आई-बाबांना मोकळेपणाने सांग. त्यांची काळजी पैशाची असेल तर ती रास्त आहे. मनुष्यबळ व्यवस्थापन वाईट नाही, पण ते वेगळं काम आहे आणि तुझ्या पत्रात त्याची ओढ दिसत नाही. उरलेल्या वेळात आणखी एक भाषा बोलण्याइतकी शीक आणि तुझ्या वर्तुळाबाहेरच्या लोकांत काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत आठवड्यातून एकदा जात जा. तिथे समुपदेशन करायचं नाही, पडेल ते काम करायचं.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातल्या विषयांच्या यादीवर जाऊ नकोस. प्रत्यक्ष अशिलांबरोबर किती तास मिळतात, ते अशील कोणकोणत्या स्तरांतले असतात आणि तुझ्या सत्रांचं ध्वनिमुद्रण ऐकून अनुभवी मार्गदर्शक दर आठवड्याला तुझ्याशी बोलतो का, हे विचार. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनाही गाठून हेच विचार. दोन्हीकडची उत्तरं जुळली नाहीत, तर यादीतली पुढची संस्था बघ.