‘डार्क कॉमेडी’ला मराठीत काय म्हणायचं?

धंतोलीच्या एका ताईंनी विचारलंय: “सिनेमात नवरा-बायको आहेत, नवऱ्याचा जिवलग मित्र आहे, आणि पाहुणे जेवायला यायच्या तासभर आधी स्वयंपाकघरात एक मढं पडलंय. ते लपवताना तिघांची जी तारांबळ उडते, ती बघून लोक हसतात आणि घाबरतातही. जाहिरातीत ‘डार्क कॉमेडी थ्रिलर’ लिहिलंय. आमच्या महिला मंडळाच्या अंकात मला त्यावर लिहायचंय. ‘काळा विनोदी सिनेमा’ असं वाचून दाखवलं, तर सासूबाई म्हणाल्या, हे ऐकाले बरं नाही वाटत. मग काय लिहू?”

ताई, सासूबाईंचा कान पक्का आहे. मराठीत ‘काळा’ हे विशेषण नामाला चिकटलं की बरेचदा रंग मागे पडतो आणि डाग पुढे येतो. काळाबाजार, काळा पैसा, काळी यादी, तोंड काळं करणं. त्यामुळे ‘काळा विनोद’ म्हटलं की चारचौघांत न सांगण्याजोगा, चावट किंवा कुजका विनोद वाटतो. तुमच्या सिनेमातला विनोद तसा नाही. तिथे हसू मरणाच्या शेजारी बसलंय, एवढंच.

मी ‘कृष्णविनोद’ लिहीन. ‘कृष्ण’नेही कधीकधी डाग दाखवतात, ‘कृष्णकृत्य’ आहेच. पण कृष्णविवर, कृष्णधवल, कृष्णपक्ष या शब्दांत तो अंधार आणि रंगच सांगतो. ‘कॉमेडी’ला मराठीत सुखात्मिका म्हणतात, पण ‘कृष्णसुखात्मिका’ मात्र नको. ज्या गोष्टीत शेवटपर्यंत कुणाच्या वाट्याला सुख येईल याची खात्री नाही, तिला सुखात्मिका म्हणणं मनाला पटत नाही.

ही कल्पना युरोपातून आली. ‘काळा विनोद’ हे नाव रुजवलं आंद्रे ब्रतों या फ्रेंच कवीनं. १९४० साली त्यानं अशा लेखनाचा एक संग्रह सिद्ध केला आणि त्यात पहिलं स्थान जोनाथन स्विफ्ट या आयरिश लेखकाला दिलं. १७२९ मध्ये स्विफ्टनं अगदी गंभीर चेहऱ्यानं सुचवलं होतं की आयर्लंडच्या गरिबांनी आपली पोरं श्रीमंतांना खायला विकावीत, म्हणजे दारिद्र्य मिटेल. वाचताना हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. तुमच्या सिनेमाचं मूळ कुळ हेच.

पण मला खरा आनंद झाला तो भरतमुनीच्या नाट्यशास्त्राचा, म्हणजे नाट्यकलेवरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथाचा, सहावा अध्याय पुन्हा उघडल्यावर. भरतानं तिथे प्रत्येक रसाला रंग दिलाय. ‘सितो हास्यः’, म्हणजे हास्य पांढरं. ‘कृष्णश्चैव भयानकः’, म्हणजे भयानक काळा. आणि शृंगार श्याम. आता ताई, ‘कृष्णविनोद’ हा शब्द या रंगांतून बघा: पांढऱ्या हास्यावर भयानकाचा काळा चढलाय. आणि गोष्ट लग्नाची असेल, तर शृंगाराचा श्याम रंगही त्यात मिसळलेला. फ्रेंचांनी काळा रंग त्यांच्या कारणानं निवडला असेल, पण आपल्याकडे तो भीतीच्या रसालाच दिलेला होता. म्हणून मला हा शब्द उसना वाटत नाही. त्याच अध्यायात हास्याची देवता म्हणून प्रमथ सांगितलेत, म्हणजे शिवाचे गण. स्मशानात राहणाऱ्या देवाच्या सोबत्यांकडे हसण्याचा कारभार दिलाय.

पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथानं साहित्यदर्पण या काव्यशास्त्राच्या ग्रंथात हास्याचे विरोधी रस सांगितले, ते नेमके भयानक आणि करुण. एकाच्या सोबतीनं दुसरा बिघडतो, असं त्याचं म्हणणं. तुमच्या दिग्दर्शकानं ते दोन वैरी एकाच स्वयंपाकघरात कोंडलेत. ते तिथे कसे नांदले, हे तुमच्या लेखात जरूर यावं. असा सिनेमा जमला की फसला, ते इथेच ठरतं.

‘विनोद’ या शब्दाचं मूळही इथे कामाला येतं. वि + नुद्, म्हणजे दूर ढकलणं, घालवून देणं. संस्कृत नाटकांत विरहानं झुरणारा नायक मनाला जरा विसावा म्हणून काही करतो, त्याला ‘विनोद’ म्हणतात. शब्दाच्या तळाशी दुःख आहे, आणि ते सारणारा हात आहे. मराठीत पुढे फक्त हसू उरलं. कृष्णविनोदात तो जुना अर्थ परत येतो.

आपल्या नागपूरच्या माणसाला हे पुस्तकातून कळायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवत निघते, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात. वर्षभरात ज्यांचा राग आला, ज्यांची भीती वाटली, त्यांच्यावर बोचरे फलक लावलेले ते पुतळे बघून इतवारीत गर्दी हसते, ओरडते, ‘इडा-पिडा घेऊन जा गे मारबत!’ आणि शेवटी ते सगळं जाळून टाकते. भीती हसत हसत गावाबाहेर ढकलायची. ‘नुद्’ धातू रस्त्यावर बघायचा असेल तर तो इथे.

घरातल्या बोलण्यातही मरण आहेच. बायको लाडानं ‘मेल्या’ म्हणते, आजी ‘मुडदा बशिवला तुझा’ म्हणत पोराला जवळ ओढते, मित्र उशिरा आला की दुसरा विचारतो, ‘मेला होता का बे?’ लग्न, मैत्री अशा जवळच्या नात्यांतच माणूस असं बोलू शकतो; परक्याला म्हटलं तर भांडण होईल. तुमच्या सिनेमात हे लाडाचे शब्द खरे होतात, आणि म्हणून काटा येतो. माझ्या मते लेखाची सुरुवात इथूनच करा.

‘थ्रिलर’ला थरारपट म्हणा, रहस्यपट नको. खून कुणी केला हे शोधायचं असेल तर रहस्य. इथे प्रेक्षकाला सगळं ठाऊक आहे, पुढे काय होईल याचीच धडकी आहे.

तर वाक्य असं करता येईल: ‘लग्न आणि मैत्रीची गोष्ट सांगणारा कृष्णविनोदी थरारपट’. फक्त ‘कृष्णविनोदी’ हा शब्द सलग छापून घ्या. ‘कृष्ण’ आणि ‘विनोदी’ वेगळे पडले, तर मंडळातल्या बायकांना गोकुळातल्या खोड्यांचा सिनेमा वाटेल.