तीन बिऱ्हाडांचं ब्राउनस्टोन आणि उरलेले चाळीस हजार

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या स्टायव्हसंट हाइट्समधलं शंभरी ओलांडलेलं ब्राउनस्टोन, म्हणजे तपकिरी दगडाच्या दर्शनी भिंतीचं घर. किंमत १६ लाख डॉलर. मधल्या मजल्यांवर तुम्ही राहणार, वर आणि खाली भाडेकरू. साठवलेले ४ लाख ९० हजार, व्हिसा एच-१बी, म्हणजे नोकरीवर टिकून असलेला, तात्पुरता. "परिसर झपाट्यानं बदलतोय, आता नाही तर कधीच नाही," असं तुम्ही लिहिलंय. या शेवटच्या वाक्याचीच मला काळजी वाटते.

आधी गणित. २५ टक्के भरले तर ४ लाख गेले आणि कर्ज झालं १२ लाखांचं. साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षांचा हप्ता सुमारे ७,५८५ डॉलर. पहिल्या महिन्यात त्यातले साडेसहा हजार नुसतं व्याज. तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार मालमत्ता कर आणि विमा मिळून महिन्याला १,२०० धरले, की ८,७८५ झाले.

तुम्ही भाडं ६,००० धरलंय. पण खालच्या मजल्यावरच्या आजी वीसेक वर्षं तिथं राहतात आणि आज १,४५० देतात, हेही तुमच्याच पत्रात आहे. म्हणजे आजचं खरं भाडं ४,४५०. तीन बिऱ्हाडांच्या घरात मालक स्वतः राहत असेल तर भाडेवाढीला आणि भाडेकरूला काढण्याला लगाम घालणारा २०२४ चा 'गुड कॉज' कायदा सहसा लागू होत नाही. त्यामुळे ९० दिवसांची लेखी सूचना देऊन तुम्ही भाडं वाढवू शकाल. वाढवावं का, हा तुमच्या मनाचा प्रश्न. मी मात्र घराची किंमत आजच्या भाड्यावरच जोखीन, आजी निघून जातील या आशेवर नाही. रिकामे महिने आणि किरकोळ दुरुस्त्यांसाठी चौथा हिस्सा वजा करा, म्हणजे हाती सुमारे ३,३४०. खिशातून दरमहा ५,४४५. सध्या तुम्ही ३,६०० भाडं भरता.

एवढा फरक झेपेलही, दोघांचे पगार चांगले आहेत. माझं घोडं अडतं ते शिलकीपाशी. न्यूयॉर्क शहरात एवढ्या कर्जावर गहाण नोंदणीचा कर १.९२५ टक्के, म्हणजे सुमारे २३,१००. दहा लाखांच्या वरच्या घरावर 'मॅन्शन टॅक्स', इथं आणखी १६,०००. वकील आणि टायटल विमा (मालकी हक्काच्या वादांसाठीचा) धरून तुमच्याकडे चाळीस हजारांच्या आत उरतील.

आणि घर कसलं? ब्राउनस्टोन म्हणजे भिंतीवर चढवलेला वालुकाश्म. पुष्कळ घरांत हा दगड त्याचे थर उभे राहतील असा बसवलाय, त्यामुळे पाणी मुरलं की पापुद्रे सुटतात. हा भाग १९७१ पासून ऐतिहासिक वस्ती म्हणून नोंदलेला आहे. दर्शनी भाग, खिडक्या, बाहेरचा दगडी जिना यांत बदल करायचा तर शहराच्या लँडमार्क्स कमिशनची, म्हणजे वारसा वास्तू जपणाऱ्या आयोगाची, परवानगी लागते. स्वस्तातली प्लास्टिकची खिडकी बसवून मोकळं होता येत नाही. जुनी वायरिंग निघाली तर विमा कंपनीही कुरकुर करते. किमतीच्या एक टक्का, वर्षाला १६ हजार, दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे म्हटले, तर तुमची शिल्लक अडीच वर्षांत संपते. तेही मोठं काही निघालं नाही तर.

त्यात व्हिसा. नोकरी गेली तर तुमच्याकडे जास्तीत जास्त ६० दिवस. एवढ्या मुदतीत शेअर विकता येतात, भाडेकरूंसकट शंभर वर्षांचं घर नाही. (कमी पैसे भरून एफएचए, म्हणजे सरकारी हमीचं, कर्ज घ्यावं, असं मित्रानं सुचवल्याचं लिहिलंय. मे २०२५ पासून तात्पुरत्या व्हिसावर ते मिळत नाही. तो विषय संपला.)

म्हणून हे घर, या किमतीला, आत्ता घेऊ नका. परिसर चुकीचा नाही. तीन बिऱ्हाडांपर्यंतच्या घराचं करआकारणीचं मूल्य वर्षाला ६ आणि पाच वर्षांत २० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, हा तिथला मोठा फायदा आहे. तळघरात चौथं बिऱ्हाड तयार करायचा तुमचा बेत त्यावरच पाणी फिरवेल. त्यापेक्षा १२ लाखांच्या आसपासचं दोन बिऱ्हाडांचं घर शोधा. सगळं भरून हातात सव्वा लाखाच्या वर उरेल, आणि कधी छप्पर गळालं तरी क्रेडिट कार्ड काढावं लागणार नाही.

तरीही याच घरात जीव अडकला असेल, तर विक्रेत्याकडून 'सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी' मागवा, म्हणजे घरात किती बिऱ्हाडांना कायदेशीर मान्यता आहे ते सांगणारा दाखला. १९३८ पूर्वीच्या घरांना ते कित्येकदा नसतंच. मग शहराच्या बिल्डिंग खात्याचं ना-हरकत पत्र लागतं. कागदोपत्री दोनच बिऱ्हाडं निघाली, तर भाडेकरूनं भाडं थकवल्यावर ते कोर्टात वसूल होणं कठीण, आणि वरचं सगळं गणित कोसळतं. सोबत भिंतींच्या रंगात शिसं आहे का, याच्या चाचणीचा अहवालही मागा. हे दोन कागद हाती येईपर्यंत इन्स्पेक्शनवरही पैसे घालू नका.