आरआर युनिट बदलले, तरी बॅटरी उतरते

प्रश्न : माझ्याकडे २०१४ सालची ११० सीसी गिअरलेस स्कूटर आहे. हेडलाइटचे दोन बल्ब पाठोपाठ उडाले, तेव्हा मेकॅनिकने रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे विजेचा दाब आवरून ती बॅटरीयोग्य करणारे आरआर युनिट, बदलून दिले. आता बल्ब टिकतात आणि ॲक्सिलरेटर पिळला की हेडलाइट पूर्वीसारखा प्रखर होतो. परंतु दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरते आणि सेल्फ लागत नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट आणि चालू असताना १२.४ व्होल्ट दिसतात. मेकॅनिक आता मॅग्नेटोची कॉइल बदलायला सांगतात. ती बदलावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्यात बदलू नका. आपण मोजलेले दोन आकडे बोलके आहेत. मध्यम ॲक्सिलरेटरवर टर्मिनलचा दाब (व्होल्टेज) साधारण १३.८ ते १४.८ व्होल्टपर्यंत चढायला हवा; तो चढत नाही, म्हणजे बॅटरीपर्यंत चार्जिंग पोहोचतच नाही. मात्र हेडलाइट प्रखर होतो, याचा अर्थ मॅग्नेटो वीज निर्माण करत आहे. आपल्या स्कूटरच्या काळातील बहुतेक गाड्यांमध्ये हेडलाइट बॅटरीवर नव्हे, तर थेट मॅग्नेटोच्या एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या) विजेवर चालतो आणि बॅटरीसाठी त्याच कॉइलमधून वेगळी तार निघते. तेव्हा दोष या दुसऱ्या वाटेवर, आणि बहुधा नुकताच जिथे हात लागला त्या कपलरपाशीच (आरआर युनिटला तारा जोडणाऱ्या प्लगपाशी), शोधायला हवा.

प्रथम चावी बंद ठेवून कपलर सोडवा आणि आतील पिना नीट पाहा. नवीन युनिट दाबून बसवताना एखादी पिन मागे सरकते व कपलर बाहेरून घट्ट दिसूनही तार जोडलेली नसते. हा दोष इतका सर्रास आढळतो की मी स्वतः मल्टिमीटरच्या आधी टॉर्च हातात घेतो. पिन काळवंडली किंवा वितळली असेल, तर ती बदलावी. त्यानंतर गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये, बॅटरीकडे जाणाऱ्या तारेवर बॅटरीइतकाच दाब मिळतो का, ते मोजा. मिळत नसेल, तर फ्यूजपासून कपलरपर्यंतची तार तुटली आहे. कपलरमधील अर्थिंगची तार आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल यांच्यातील रोध जवळजवळ शून्य असावा.

हे सर्व ठीक निघाले, तरच कॉइलकडे वळावे. कपलर सोडवलेलाच असताना चार्जिंगची तार आणि इंजिनची बॉडी यांच्यातील रोध मोजा. तो फार कमी, साधारण एका ओमच्या आसपास असतो; म्हणून मल्टिमीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांशी टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करायला विसरू नका. मीटर अनंत रोध दाखवत असेल, तर कॉइल किंवा तिची तार खरोखरच तुटली आहे. त्यानंतर मीटर एसीवर ठेवून इंजिन चालू करा. ॲक्सिलरेटरबरोबर दाब वाढायला हवा. या चाचणीआधी हेडलाइटचा स्विच आठवणीने बंद करा, कारण आरआर युनिट जोडलेले नसताना दिव्यांकडे जाणाऱ्या दाबाला लगाम राहत नाही आणि तिसरा बल्बही जाईल.

कॉइल निर्दोष ठरली, तर संशय नवीन युनिटवरच येतो. बाजारात सारख्याच कपलरची, पण पिनांचा क्रम वेगळा असलेली किंवा पूर्णपणे डीसी वायरिंगसाठी (हेडलाइटही बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांसाठी) बनवलेली युनिटे मिळतात. आपल्या स्कूटरच्या कॉइलचे एक टोक बॉडीला जोडलेले असल्यास डीसी वायरिंगचे युनिट तिथे योग्य चालणार नाही. जुने युनिट मेकॅनिककडून परत मागून घ्या आणि त्यावरील क्रमांक व तारांचे रंग नव्याशी ताडून पाहा.

सेल्फ-स्टार्टरचे काम मॅग्नेटोच करतो अशा बीएस-६ स्कूटरना यातील बरेचसे लागू पडत नाही. तिथे चार्जिंगचे नियंत्रण वेगळे असते.

वारंवार उतरलेली बॅटरी आता स्वतःही कमजोर झाली असू शकते. ५ अँपिअर-अवरची असेल, तर ती गाडीतून काढून सुमारे अर्ध्या अँपिअरने सावकाश पूर्ण चार्ज करून घ्या, एक रात्र तशीच ठेवा आणि सकाळी दाब मोजा. तो १२.६ व्होल्टच्या खाली घसरला असेल, तर दुरुस्तीनंतर नवीन बॅटरीचा खर्चही धरावा लागेल.