'निवडक' काही निवडत नाही

तुम्ही विचारलं होतं की 'दाहग्रस्त रक्तवाहिनीच्या पेशींतील नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती निवडकपणे अवरुद्ध करणे' हे मराठी बरोबर आहे का, आणि सिलेक्टिव्हला निवडक चालेल का.

मला तरी खटकतं. निवडक म्हणजे जे निवडलं गेलंय ते. निवडक कविता, लग्नाला निवडक माणसं. वेचक, मोजकं हेही त्याच घरातले. लेखक लिहितो, रोधक रोखतो, पण निवडक बिचारा निवडला जातो :) त्यामुळे 'निवडक रोधक' वाचलं की वाटतं पन्नास औषधांतून बरी चार बाजूला काढली असतील. इथे निवड औषधाने करायचीय.

कशातून, तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू शरीरात बनवणारी एन्झाइम्स तीन आहेत, एक मुख्यतः मज्जातंतूंच्या पेशींत, एक रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात जे थोडा थोडा वायू सोडून वाहिनी सैल ठेवतं, आणि तिसरं एरवी तिथे जवळजवळ नसतंच पण जंतुसंसर्गाने दाह झाला की पेशी ते बनवायला लागतात आणि मग वायू इतका सुटतो की वाहिन्या ढिल्या पडून बीपी कोसळतं. सरसकट सगळीच बंद केली तर? सेप्टिक शॉकच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने असंच बीपी कोसळलेल्या पेशंटांवर तसं औषध देऊन पाहिलेलं, चाचणी मध्येच थांबवावी लागली, 2004 मध्ये छापून आलेले आकडे असे की 28 दिवसांत औषधवाल्यांतले 59 टक्के गेले, प्लासिबोवाल्यांतले, म्हणजे औषध नसलेला नुसता द्रव दिलेल्यांतले, 49. म्हणजे सगळा मुद्दा 'कुठलं रोखायचं' यातच आहे आणि नेमका तोच शब्द आपण गुळमुळीत ठेवतोय.

'निवडून रोखणे' म्हणावं तर आपलं निवडणं पण दोन्हीकडून चालतं. तांदूळ निवडताना खडे उचलून टाकतो, मेथी निवडताना पानं ठेवून देठ टाकतो, काय उचललं ते ज्याचं त्याला माहीत.

याला मराठीत साधा शब्द आहे, 'तेवढं'. पोह्यातली मिरची तेवढी काढ, असं सांगितलं की कोणी शेंगदाणे काढत नाही. म्हणून मी लिहीन, 'दाहामुळे बनणारं एन्झाइम तेवढं रोखायचं, अस्तरातल्याला हात लावायचा नाही.' लांबलं, पण कळतं. शीर्षकात आटोपशीर हवं असेल तर 'नेमका रोध' करा.

'ब्लॉक करणे' मात्र रक्तवाहिनीच्या शेजारी नकोच, आपल्याकडे 'हार्टला दोन ब्लॉक आहेत' हे घरोघरी ऐकलेलं असतं, वाचणारा अँजिओप्लास्टीकडे जाईल. दाह ठेवा, 'सुजलेली नस' नको, लोकांना पायाच्या फुगलेल्या शिरा आठवतात. आणि एकदा तपासून घ्या, तुमच्या मजकुरात दुसऱ्या परिच्छेदात नायट्रिकचं नायट्रस झालंय, तो हसवणारा वायू, भूल देताना वापरतात तो.